घरच्या बॅकअपसाठी नेटवर्क स्टोरेज कसे निवडावे

आमच्या घरातील जवळजवळ दहा वर्षांचे फोटो एकाच पोर्टेबल हार्ड डिस्कवर होते आणि ती डिस्क टीव्हीच्या कपाटात, कूलरच्या खिडकीपासून दोन हातांवर ठेवलेली असे. एका मे महिन्यात ती सुरू होईना. आतून केवळ टकटक असा आवाज येत राहिला. डेटा परत मिळवून देणाऱ्या तंत्रज्ञांनी बराच भाग काढून दिला, परंतु आजीसोबतच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो त्यात नव्हते. त्यानंतर मी घरासाठी नेटवर्क स्टोरेज, म्हणजे संगणकाच्या दुकानात ज्याला ‘नॅस’ म्हणतात ते यंत्र घेतले आणि पुढे नातेवाइकांच्या व शेजाऱ्यांच्या चार-पाच घरांत ते बसवून देण्यास मदत केली. या कामातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. नॅस घेताना बहुतेक जण ‘यात किती मावेल’ हे आधी विचारतात. विचारायचे ते ‘यातले काही गेले तर मला ते कोठून आणि किती वेळात परत मिळेल’ हे. पुढील सर्व निर्णय मी याच प्रश्नावर पारखून मांडले आहेत आणि ते मांडताना नागपूरचा उन्हाळा, वीज आणि आपल्याकडील घरांची रचना लक्षात घेतली आहे.

आधी ठरवावे: नॅस खरोखर हवे आहे का?

नॅस हा एक लहानसा संगणक असतो. त्याला पडदा किंवा कळफलक नसतो. तो केबलने राउटरला जोडलेला असतो, त्यात एक किंवा अधिक हार्ड डिस्क बसवलेल्या असतात आणि घरातील फोन, लॅपटॉप व टीव्ही यांना त्यातील फोल्डर वायफायवरून दिसतात. सर्व मांडणी लॅपटॉपच्या ब्राउझरमधून करता येते. सिनॉलॉजी, क्यूनॅप आणि असुस्टर या तैवानी कंपन्या या क्षेत्रात परिचित आहेत. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि खात्यामागे १५ जीबीची मर्यादा लागू झाली, तेव्हापासून अनेक कुटुंबांनी या पर्यायाकडे लक्ष वळवले.

घरात एकच लॅपटॉप आणि दोन फोन असतील, फाइली कोणाशी वाटून घ्यायच्या नसतील आणि महिन्यातून एकदा स्वतः बसून प्रत काढण्याची शिस्त असेल, तर नॅस घेऊ नये असाच सल्ला मी देतो. अशा घराला दोन बाह्य हार्ड डिस्क पुरतात. एक घरी ठेवावी आणि एक दुसऱ्या घरी. राउटरच्या मागील यूएसबी खाचेत डिस्क लावून फोल्डर सर्वांना उघडे करता येते, आणि चित्रपट पाहण्यापुरते ते ठीकही आहे. परंतु ती डिस्क बिघडत चालली असता सूचना देणारे तेथे काहीच नसते, म्हणून त्या व्यवस्थेला बॅकअप समजू नये. जुन्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस ही मोफत प्रणाली बसवणे हा शिकण्यासाठी उत्तम मार्ग आहे. मात्र विजेचा हिशेब करावा: ५० वॅट घेणारा डेस्कटॉप वर्षभर अखंड चालला तर सुमारे ४३८ युनिट वीज लागते, तर १५ वॅटच्या आसपास चालणाऱ्या दोन खणांच्या, म्हणजे दोन डिस्क बसतील अशा, नॅसला सुमारे १३१ युनिट. याशिवाय काही बिघडले की ते दुरुस्त करणारी व्यक्ती घरात आपण एकटेच असतो, हा खर्च विजेच्या बिलात दिसत नाही.

ज्या घरात तीन-चार जणांचे फोन आहेत, मुले पुण्यात किंवा बंगळूरला आहेत, वडिलांनी प्लॉटची आखीव पत्रिका, नागपूर सुधार प्रन्यासचे आर.एल. पत्र आणि विक्रीपत्र स्कॅन करून ठेवले आहे आणि ती कागदपत्रे कोणत्या लॅपटॉपवर आहेत हे ऐनवेळी कोणालाच आठवत नाही, त्या घराला मात्र नॅसचा खरा उपयोग आहे.

किती जागा लागेल

अंदाज बांधू नये, मोजावे. प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये फोटो आणि व्हिडिओंनी व्यापलेली जागा दिसते. लॅपटॉपवरील कामाच्या फोल्डरचा आकार पाहावा. जुन्या पेनड्राइव्ह आणि डिस्क यांचीही बेरीज करावी. समजा, आज एकूण १ टीबी भरते आणि वर्षाला साधारण २५० जीबीची भर पडते, तर पाच वर्षांनी ते सव्वादोन टीबी होईल. फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखण्यासाठी थोडी जागा लागते आणि डिस्क काठोकाठ भरू देणे योग्य नसते, म्हणून अशा घराला ४ टीबी क्षमता पुरेशी होते. डिस्क बनवणारे टीबी दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज तो द्विमान पद्धतीने दाखवते, त्यामुळे ४ टीबीची डिस्क पडद्यावर सुमारे ३.६ दिसते. त्यात फसवणूक नाही, पण हिशेबात तो फरक धरावा.

खण किती असावेत, आणि ‘रेड’विषयीचा मोठा गैरसमज

घरासाठी मी दोन खणांचे यंत्र सुचवतो. एका खणाचे यंत्र स्वस्त पडते, परंतु त्यातील एकमेव डिस्क गेली की नवी डिस्क आणून सर्व काही परत भरेपर्यंत घराचे काम थांबते. चार खणांची गरज व्हिडिओ संपादन करणाऱ्यांना किंवा छायाचित्रकाराच्या घराला पडते.

‘रेड’ (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत. दोन खणांत सारख्या क्षमतेच्या दोन डिस्क बसवून तिच्यातील ‘रेड-१’ ही रचना निवडता येते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या डिस्कशी या शब्दाचा संबंध नाही. दुकानात हा घोटाळा नेहमी होतो. रेड-१ मध्ये प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते, त्यामुळे ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी वापरायला ४ टीबीच मिळतात आणि एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर सर्व काही चालू राहते. रेड-० मध्ये दोन्ही डिस्कची बेरीज मिळते; मात्र त्यातील कोणतीही एक गेली की सर्वच जाते, म्हणून घरच्या साठवणीसाठी ती रचना मुळीच निवडू नये.

आता गैरसमजाकडे येतो, कारण याच एका गैरसमजापायी लोकांनी वर्षानुवर्षांचा ठेवा गमावला आहे. रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे. मुलाने चुकून फोल्डर पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला आणि त्याने नॅसवरील फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्ही डिस्कवर कुलूपबंद फाइलीच राहतात. विजेचा लोंढा आला, घरात पाणी शिरले किंवा यंत्रच चोरीला गेले, तर शेजारी शेजारी बसलेल्या दोन डिस्क एकत्रच जातात. रेड-१ एवढीच हमी देते की एका डिस्कच्या मृत्यूने तुमचे काम अडणार नाही.

चुकून पुसणे आणि खंडणीखोर व्हायरस या दोन संकटांवर ‘स्नॅपशॉट’ हा चांगला उपाय आहे. यात यंत्र ठरावीक वेळी फोल्डरची त्या क्षणीची स्थिती नोंदवून ठेवते आणि पुढे फाइल बदलली किंवा पुसली तरी त्या नोंदीवरून मूळ फाइल परत काढता येते. बदललेला भागच वेगळा साठवला जात असल्याने जागाही फार लागत नाही. या सोयीसाठी यंत्राने बीटीआरएफएस किंवा झेडएफएस यांसारखी फाइल प्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, चालवावी लागते आणि प्रत्येक स्वस्त मॉडेल ती चालवतेच असे नाही. दोन मॉडेलांमध्ये मन अडखळले असेल तर प्रोसेसरचा वेग नंतर पाहावा, आधी माहितीपत्रकात स्नॅपशॉटची सोय शोधावी. माझ्या मते घरगुती नॅसमध्ये थोडे अधिक पैसे मोजावेत असे हेच एक ठिकाण आहे.

प्रोसेसरविषयी एवढेच सांगणे पुरे की फोटो आणि कागदपत्रांसाठी साधा एआरएम प्रोसेसर चालतो. नॅसमध्येच व्हिडिओचे रूपांतर करून तो फोनवर पाहायचा असेल तरच इंटेलच्या प्रोसेसरचे मॉडेल घ्यावे. आजचे बहुतेक टीव्ही फाइल जशी आहे तशी चालवतात.

डिस्कची निवड

यंत्र आणि डिस्क बहुधा वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागतात आणि अनेकदा डिस्कचा खर्च यंत्राच्या बरोबरीला जातो, याची कल्पना नसल्याने खरेदीच्या दिवशी लोक डिस्कवर काटकसर करतात. ती करू नये.

हार्ड डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआर पद्धतीत माहितीच्या पट्ट्या एकमेकींशेजारी असतात; एसएमआर पद्धतीत त्या कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे एसएमआर डिस्कमध्ये कमी जागेत अधिक मावते, परंतु मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात, तसे जुन्या जागी नवे लिहिताना शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. रेड-१ मधील एक डिस्क गेल्यावर नवी डिस्क बसवून तिच्यावर सर्व माहिती पुन्हा उतरवायची वेळ येते, तेव्हा मात्र एसएमआर डिस्क अतिशय मंदावते, आणि नेमक्या त्याच काळात तुमची सर्व माहिती एकाच डिस्कच्या भरवशावर असते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. म्हणून या कंपनीची डिस्क घेताना ‘प्लस’ किंवा ‘प्रो’ हा शब्द वेष्टनावर पाहूनच घ्यावी. सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन३०० या मालिकाही नॅससाठीच बनवलेल्या आहेत.

यंत्र कोणत्या डिस्क स्वीकारते, हेही खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत तपासावे. सिनॉलॉजीने २०२५ मधील आपल्या नव्या ‘प्लस’ मॉडेलांत इतर कंपन्यांच्या डिस्कवर निर्बंध घातले होते आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम या आपल्या नॅस प्रणालीच्या ७.३ आवृत्तीबरोबर हार्ड डिस्कसाठी ते सैल केले. अशी धोरणे बदलत राहतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कोणी दिलेल्या सल्ल्यावर विसंबू नये.

नागपुरात सीताबर्डीवरच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, डिस्क हातात आल्यावर तिचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातील वॉरंटी किती तारखेपर्यंत आहे ते पाहावे. परदेशातून आलेल्या मालावर ती मिळेलच असे नाही. रेड प्लस आणि साध्या आयर्नवुल्फवर साधारणपणे ३ वर्षांची, तर ‘प्रो’ मालिकांवर ५ वर्षांची वॉरंटी असते. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डिस्कमधील फोटो मिळत नाहीत. शक्य असल्यास दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्याव्यात, कारण कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या डिस्क एकाच सुमारास दगा देण्याची शक्यता अधिक असते. यंत्र सुरू केल्यावर माहिती भरण्यापूर्वी दोन्ही डिस्कची ‘स्मार्ट’ विस्तारित चाचणी, म्हणजे डिस्कने स्वतःचीच केलेली सविस्तर तपासणी, चालवावी. तिला बरेच तास लागतात, तेवढा धीर धरावा.

नागपूरच्या उन्हात यंत्र कोठे ठेवावे

बहुतेक घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे लिहिलेले असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या बंद खोलीत दुपारी काय अवस्था असते हे मानेवाडा असो की धरमपेठ, प्रत्येक नागपूरकराला ठाऊक आहे. कंपनीने आखून दिलेली मर्यादा आपण दरवर्षी कित्येक आठवडे ओलांडतो. म्हणून जागेची निवड ही मॉडेलच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे.

तळमजल्यावरची किंवा घराच्या मधली, पश्चिमेची भिंत नसलेली खोली सर्वांत बरी. काचेचे दार असलेले शोकेस, देवघराच्या वरचा कप्पा आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीची जागा टाळावी. कूलरसमोर यंत्र ठेवले तर ते गार राहील असे वाटते, परंतु कूलरच्या झोतात ओलावा असतो आणि त्या ओलाव्यावर धूळ चिकटून यंत्राच्या पंख्यावर थर बसतो. त्यामुळे ते झोताच्या बाजूला, हवा खेळती राहील असे ठेवावे. आमची जुनी डिस्क नेमकी कशाने गेली हे मला सांगता येणार नाही, पण कूलरशेजारची ती जागा मी पुन्हा वापरलेली नाही.

सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन्हींच्या यंत्रांत ठरावीक वेळी आपोआप बंद व सुरू होण्याची सोय असते. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत मी आमचे यंत्र दुपारी १२ ते संध्याकाळी ७ बंद ठेवतो आणि सर्व बॅकअप पहाटे ४ वाजता लावतो. दुपारी फाइल लागली तर थांबावे लागते, परंतु घरात त्यावाचून कोणाचे अडलेले मी पाहिले नाही. डिस्कचे तापमान ५० अंशांवर गेल्यास ईमेलने सूचना यावी, अशी मांडणीही करून ठेवावी.

विजेबाबत एक सूक्ष्म मुद्दा आहे. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएसची गरज नाही, असे अनेक जण समजतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरला भार उचलण्यास लागणारा क्षण पंख्याला जाणवत नाही, पण नॅस तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकते, आणि लिहिणे चालू असताना असे होणे डिस्कवरील माहितीसाठी वाईट असते. त्यामुळे लहान यूपीएस घ्यावा, आणि घेताना त्याच्या मागे यूएसबी डेटा खाच आहे ना ते पाहावे. स्वस्त यूपीएसमध्ये ती अनेकदा नसते. त्या खाचेतून नॅसला वीज गेल्याचे कळते आणि बॅटरी संपण्यापूर्वी ते स्वतःहून नीट बंद होते. हाच यूपीएस राउटरलाही जोडावा. जूनच्या पहिल्या वादळांत विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवणे हा जुना उपाय येथेही लागू आहे.

केबल, वायफाय आणि बाहेरगावची मुले

नॅस वायफायने नव्हे, केबलने राउटरला जोडावे. गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी वेग मिळतो, त्यामुळे ५०० जीबी माहिती सव्वा तासात जाते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर त्याच कामाला साडेबारा तासांहून अधिक लागतात. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या साध्या राउटरच्या खाचा कधी कधी १०० एमबीपीएसच्याच असतात. शिवाय एका घरी मला असे आढळले की राउटर, नॅस आणि लॅपटॉप तिन्ही गिगाबिटचे असूनही वेग मिळत नव्हता, कारण भिंतीतून टाकलेल्या केबलच्या आठपैकी चारच तारा टोकाला जोडल्या होत्या. गिगाबिटला आठही तारा लागतात. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत हा वेग देते, त्यामुळे घरासाठी महागडी केबल घेण्याचे कारण नाही. टोके नीट जोडून घ्यावीत.

बाहेरगावच्या मुलांना फाइली पाहता याव्यात म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो स्वीकारू नये. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप यंत्रांवर हल्ले केले आणि असंख्य घरांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. त्याऐवजी वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित खासगी वाट, वापरावे. आपल्याकडील अनेक इंटरनेट जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. टेलस्केल अशा जोडणीवरही चालते, हा त्याचा आणखी एक लाभ. ‘अ‍ॅडमिन’ नावाचे मूळ खाते बंद करून वेगळ्या नावाचे खाते वापरावे, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या एसएमबी या पद्धतीची जुनी, पहिली आवृत्ती बंद ठेवावी. घरातील प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. कुटुंबाच्या फोटोंचे फोल्डर सर्वांना पाहता यावे, पण पुसण्याचा अधिकार एखाद-दोघांनाच असावा. आई-बाबांना यात अविश्वास वाटू शकतो, म्हणून कारण त्यांना आधीच नीट समजावून सांगावे.

तिसरी प्रत

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर, असा नियम या क्षेत्रात सर्वमान्य आहे. फोन किंवा लॅपटॉपमधील मूळ फाइल ही पहिली प्रत, नॅसवरील दुसरी, आणि तिसरीसाठी मी यूएसबी बाह्य डिस्क सुचवतो. अशा दोन डिस्क घ्याव्यात. एक नॅसला जोडून आठवड्याला प्रत काढावी आणि दुसरी अमरावतीच्या मावशीकडे किंवा वर्ध्याच्या काकांकडे ठेवावी, आणि जाणे-येणे होईल तेव्हा त्यांची अदलाबदल करावी. आमच्याकडे ही अदलाबदल राखीपौर्णिमेला, दिवाळीत आणि संक्रांतीला होते. सण ठरलेले असल्याने ती विसरत नाही. बाहेर जाणाऱ्या डिस्कवरील माहिती सांकेतिक (एन्क्रिप्ट) करून ठेवावी, आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. पासवर्ड फक्त नॅसमध्येच साठवलेला असेल, तर नॅस गेल्यावर ती डिस्क उघडणार नाही. खर्चाचा अंदाज बांधताना या दोन डिस्क आणि यूपीएस यांचा समावेश सुरुवातीपासून करावा. पैसे कमी पडत असतील तर यंत्र लहान घ्यावे, पण तिसरी प्रत वगळू नये.

सर्व मांडणी झाल्यावर लगेच फोनमधून काहीही पुसू नये. आधी एक फोल्डर निवडावे, त्याचे नाव बदलून ते नॅसवर बाजूला ठेवावे आणि ते हरवले आहे असे समजून एकदा स्नॅपशॉटमधून व एकदा बाह्य डिस्कवरून परत आणून पाहावे. परत आलेले दहा-बारा फोटो प्रत्यक्ष उघडावेत, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा, आणि हे काम करण्याच्या पायऱ्या घरातील दुसऱ्या कोणालाही जमतील अशा शब्दांत एका कागदावर लिहून तो कागद यंत्राच्या खाली ठेवावा. आमच्याकडे मागच्या खेपेस हे काम माझ्या बहिणीने, मी घरी नसताना, त्या कागदावरून केले.